नाल्यातली कमान

आमच्या गावाला कमान कशी मिळाली हे कुणी इचारलं की मला आधी हसू येतं आन मंग राग. पण सांगते. मी सरपंच हाय, सांगायचा हक्क माझाच.

माझं नाव दैवशाला. बाईची जागा निघाली म्हणून उभी राह्यले आन सतरा मतांनी निवडून आले. बाई सरपंच झाली की कारभार तिचा नवरा करतो, अशी सगळीकडं रीत. आमच्या मालकाला, रामप्रसादला, तेवढा टाइमच न्हाई. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आन शुक्रवारी जालन्याच्या दवाखान्यात चार-चार तास मशीनला लावावं लागतं. उरलेल्या वेळात माझी चेष्टा करतेत. घरात बी मला सरपंचच म्हणतेत. "सरपंच, चहात साखर कमी पडली, ठराव घ्या."

तीर्थपुरीकडून आलं की डांबरी रस्त्यावरूनच आमचं गाव दिसतं. पण मधात नाला हाय. आठ महिने त्यात बकऱ्या चरतेत, अन् पावसाळा लागला की त्याच्या अंगात येतं. मागच्या सालच्या भादव्यात तीन दिवस पाणी उतरलं न्हाई. मालकाचा शुक्रवार हुकला. शनिवारी तोंड सुजलं, दम लागला, बोलता येईना. मंग पोरांनी गुऱ्हाळावरची गूळ शिजवायची मोठी काहील आणली, मालकाला तिच्यात बसवलं आन दोराला धरून पलीकडं नेलं. तशा हालतीत बी हा माणूस म्हणतो, "हळू रे, गूळ सांडल." सगळे हसले. मी न्हाई हसले. मी काठावरून दोर घट्ट धरून होते. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, आता एक बी पाळी हुकली तर मला इचारू नका.

मला एकच गोष्ट पाहिजे होती, पूल.

आमचे आमदार कल्याणराव साहेब. माणूस वाईट न्हाई. फोन उचलतो, मयतीला येतो, लग्नात पंगतीला बसतो. पण सरकारी पैशाबद्दल त्यांची मतं हायत, आन ती लई घट्ट हायत. मी अर्ज घेऊन नवीन जालन्यातल्या त्यांच्या हापिसात गेल्ते. त्यांनी अर्ज वाचला आन चष्मा काढून ठेवला.

"सरपंचताई, पूल मागू नका. सरकारचा पैसा म्हणजे जनतेचा घाम. तो दिसला पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे की."

"मंग पूल कुणाला दिसतो? खालून पाणी जातं, वरून माणूस जातो. पुलावरून जाताना पूल कोण बघतं? कमानीचं तसं न्हाई. कमानीखालून जाताना म्हातारं माणूस बी मान वर करतं. अन् माझा दुसरा नियम, एका गावाला एक काम. सगळ्यांना बराबर वाढायचं. तुम्हाला कमान दिली."

"साहेब, कमानीखालून जायला आधी नाला तर ओलांडता आला पाहिजे."

"विकास टप्प्याटप्प्यानं होतो, ताई," साहेब म्हणले, आन चहा मागवला. चहा चांगला होता, म्हणून जास्तच राग आला.

घरी येऊन मी दारातच चपला आपटल्या. मालकानं इचारलं, "काय दिलं?"

"कमान. अंगावर न्हाई चिंधी आन डोक्यावर मंदील!"

मालक हसून हसून खोकले. मंग जरा दम घेऊन म्हणले, "घेऊन टाका."

"येडे झालात का?"

"सरपंच, गावाची कमान कुठं उभी करतेत?"

"शिवेवर."

"अन् आपली शीव कुठंय?"

आमच्या शिवेचा दगड भर नाल्यात हाय. शेंदूर लावलेला, बकऱ्या त्याला अंग घासतेत. गावात नवी नवरी येताना वऱ्हाड तिथंच थांबतं, नारळ फोडतं, मंगच वर चढतं. माझा बी नारळ तिथंच फुटला होता. मी मालकाकडं बघितलं. त्यांचा चेहरा एकदम साधाभोळा, ज्यानं आयुष्यात कुणाचं लिंबू बी तोडलं न्हाई असा.

माघात साहेब जागा बघायला आले. मी त्यांना आधी अलीकडच्या काठावर नेलं. साहेबांनी मान हलवली. "हितं बाभळी हायत. डांबरीवरून दिसणार न्हाई."

"मंग पलीकडं, रस्त्याला लागून?"

पलीकडचं शिवार दुसऱ्या गावाचं. तिथला सरपंच मच्छिंद्र इरोधी पार्टीचा, पण माझा मानलेला भाऊ. त्याला मीच चहाला बोलावलं होतं, आन काय बोलायचं ते बी मीच सांगितलं होतं. लपवून काय करू? मच्छिंद्र हात जोडून म्हणला, "उभारा की साहेब, आमच्या हद्दीत. आमच्या नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर लावायला लई बेस्ट जागा होईल."

साहेबांचं तोंड कडू झालं. "सरपंचताई, तुमची हद्द कुठपर्यंत हाय?"

सगळ्या गावानं एकाच वेळी नाल्यातल्या दगडाकडं बोट केलं. साहेब खाली उतरले. दगडापाशी उभे राहून डांबरी रस्त्याकडं बघितलं. रस्ता बिलकुल समोर.

"हितंच उभी करा."

"नाल्यात? वाहून जाईल की साहेब."

"माझी कमान वाहून जात नसते! इंजिनिअर कुठंय?"

इंजिनिअर नागसेन, आपल्याच तालुक्यातलं पोरगं. आमच्या पुलाचा नकाशा त्यानं दोनदा करून वर पाठवला होता, आन दोन्हीदा तसाच परत आल्ता. त्याला मी काहीच शिकवलं नव्हतं. तो नुस्ता एकदा माझ्याकडं बघून खाकरला.

"होतं साहेब. पण पाया दांडगा लागल. या काठापासून त्या काठापर्यंत सलग स्लॅब. खालून पाणी जायला मोठाले नळे."

"टाका."

"उद्घाटनाला आपली गाडी कमानीपर्यंत यायला दोन्हीकडून भराव लागल."

"टाका म्हणलो ना!"

"मंग सगळा खर्चा पायातच जाईल साहेब. वरची कमान हलकी करावी लागल. पत्र्याची."

"हलकी चालल," साहेब म्हणले, "पण उंच पाहिजे."

मी तोंडाला पदर लावला. साहेबांना वाटलं, बाईला भरून आलं. म्हणले, "रडू नका ताई, हे तर माझं कर्तव्य हाय."

वैशाखात काम निघालं. कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार पप्पूशेठ चार दिवस कागद उलटा-सुलटा करून बघत होता. शेवटी माझ्याकडं आला. "मावशी, ही कमान हाय का पूल?"

"कमान."

"मंग हिला कठडे काहून?"

"पायाचे कठडे हायत ते. तू गप सिमेंट ओत."

उद्घाटनाला साहेब स्लॅबच्या बरोबर मधोमध उभं राहून अर्धा तास बोलले. राज्याची साधनसंपत्ती कशी जपावी, पै-पै कशी वाचवावी. "ह्या गावानं माझ्याकडं पूल मागितला होता. मी म्हणलो, असला फिजूल खर्चा मी करणार न्हाई!" टाळ्या सगळ्यात जोरात मालकानं वाजवल्या. मी चिमटा काढला तवा कुठं थांबले.

मंग भादवा आला. बुधवारपासून पाऊस धरला. गुरुवारी दुपारी असं वारं सुटलं की कमान आधी वाकली, मंग साहेबांच्या नावासकट नाल्यात गेली. पत्रा, सळया, सोनेरी अक्षरं, सगळं गेलं. स्लॅबला साधा ओरखडा न्हाई.

शुक्रवारी सकाळी कडूबाच्या ऑटोत मालकाला बसवलं. अकराला मशीन होती. पाणी स्लॅबच्या हातभर खाली गर्जत होतं. नाल्यापाशी गेलो तर स्लॅबवर एकामागं एक चार गाड्या उभ्या. साहेब कमान बघायला आल्ते. मोकळ्या आभाळाकडं तोंड करून उभे होते, आन डोळ्यांत खरंच पाणी होतं.

कडूबानं हॉर्न वाजवला. कुणी लक्ष देईना. पाच मिनिटं गेली, धा गेली. ऑटोत मालकाची चेष्टा बंद झाली होती. मी उतरून तरातरा गेले.

"साहेब, गाड्या काढा."

"ताई, काय राह्यलं हो? सगळं वाहून गेलं. ह्या गावात माझं आता काहीच राह्यलं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "खाली बघा साहेब! कशावर उभे हायात तुम्ही?"

साहेबांनी खाली बघितलं. आधी बुटाकडं, मंग स्लॅबकडं, मंग कठड्यावरून वाकून पाण्याकडं.

"मागच्या साली ह्याच पाण्यातून माझ्या माणसाला काहिलीत बसवून पाठवलं मी. पोहोचतो का न्हाई ते माहीत नव्हतं. आज त्याला अकराला मशीन हाय, आन तुमच्या गाड्या आडव्या हायत. कमानीचं दुखणं दुपारून काढा!"

साहेबांनी ऑटोत डोकावून बघितलं. मालकानं सुजल्या हातांनी नमस्कार केला. साहेब तसेच मागं वळले. चारी गाड्या उलट्या काढायच्या होत्या, आन स्लॅब अरुंद. साहेब स्वतः भर पावसात कठड्याला टेकून हात हलवत होते. "येऊ दे, येऊ दे, उजवीकडं, जल्दी!" आमची ऑटो गेली तवा त्यांनी नुस्ती मान हलवली.

अकराला पाच कमी असताना मालकाला मशीनला लावलं. नळीतून रक्त फिरू लागलं तसा त्यांनी डोळा उघडून इचारलं, "सरपंच, साहेबाला खरं सांगून टाकलं का?" मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले आन मनसोक्त रडले. वर्षभराचं रडू होतं ते.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

"ताई, पोहोचले का?"

"पोहोचले साहेब. मशीनवर हायत."

"बरं झालं." मंग हळूच म्हणले, "तुमच्या गावाच्या मागच्या अंगाला बी शीव असल ना?"

"हाय की."

"तिथं बी पाणी आडवं येतं का?"

"येतं साहेब. शाळेच्या पोरी चिखलातून जातेत."

"मंग कमान मागा," साहेब म्हणले. "आजच मागा."

मी पदरानं तोंड पुसलं आन कागद-पेन मागायला नर्सकडं गेले.