पाटी कोणी हलवली?

मी एक जुनी लाकडी फळी आहे. दिसायला मी काही फार देखणी नाही. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि पाट्या अडकवायच्या पितळी आकड्यांची चमक कधीच गेली आहे. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत असतो. एका बाजूला हवा गेलेल्या चेंडूंचे पोते आणि दुसऱ्या बाजूला एक मोडका पंखा. हा पंखा ऊठसूट स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत असतो. म्हणून म्हटले, आज आपणही तोंड उघडावे.

मित्रांनो, बास्केटबॉलचा सामना तुम्ही पाहिला असेल. उंच उंच खेळाडू, बुटांचा करकर आवाज, जाळीतून सुळकन उतरणारा चेंडू. पण कोणी खेळायचे आणि कोणी बाकावर बसायचे, हे सामन्याआधी कुठेतरी ठरलेले असते. आमच्या संघात ते माझ्या अंगावर ठरायचे.

माझा जन्म आमच्या मैदानाबरोबरच झाला. मैदानाची लाकडी जमीन घालून झाल्यावर थोड्या फळ्या उरल्या. संघाचे पहिले मालक सुताराला म्हणाले, "यातून प्रशिक्षकांच्या खोलीसाठी काहीतरी कर." सुताराने उरलेले लाकूड जोडले, रंधा मारला, तेल पाजले आणि आकड्यांच्या तीन ओळी ठोकल्या. म्हणजे ज्या जमिनीवर खेळाडू धावतात, तिची मी सख्खी बहीण. ती रोज लाथा खायची आणि मी भिंतीवर मान ताठ ठेवून राहायचे. याबद्दल तिने मला कधी माफ केले असेल असे वाटत नाही.

प्रत्येक खेळाडूच्या नावाची पत्र्याची एक पाटी होती. वरच्या ओळीत सुरुवातीला खेळणारे पाच जण. मधल्या ओळीत बाकावर तयार बसणारे. खालच्या ओळीत आजारी, दुखावलेले, विश्रांती घेणारे. आणि ज्याची पाटी कुठेच नाही, त्याने काय ते समजून पिशवी भरायची.

या पाट्यांना हात लावायचा तो फक्त प्रशिक्षकाने. त्यांना सगळे मास्तर म्हणत. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण झाडणारी बाईसुद्धा माझी धूळ पुसताना पाट्यांच्या कडेकडेने फडके फिरवायची. खेळाडूंच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना पट्ट्या बांधणारे एक काका होते. त्यांना सगळे पट्टीवाले काका म्हणत. सामन्याच्या आदल्या दिवशी मास्तर त्यांना विचारायचे, "कोणाचा पाय कसा आहे?" आणि मगच पाट्या लावायचे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काका कोणाला काही विचारत नसत. माझ्याकडे एक नजर टाकली की त्यांना कळायचे, आज कोणाला पट्टी बांधायची. माझ्यावर सगळ्यांचा असा विश्वास होता. तो खरे तर मास्तरांच्या हातावरचा विश्वास होता, पण मी तो माझाच समजून मिरवायचे.

त्या पहिल्या मालकांना सगळे मोठे मालक म्हणत; ते हंगामाच्या सुरुवातीला येत. माझ्यासमोर उभे राहून विचारत, "याला का ठेवलात? त्याला का सोडलात?" मास्तर उत्तरे देत. कधी कधी आवाज इतका चढायचा की बाहेरचे लोक दारापाशी घुटमळायचे. एकदा मालक म्हणाले, "मला नाही पटत." मास्तर म्हणाले, "मग दुसरा मास्तर आणा." मालक रागाने लाल झाले आणि पुढे बरेच दिवस सामन्यांना फिरकले नाहीत. माणूस रुसणारा होता. पण पाटीला त्यांनी बोट लावले नाही. त्या काळात आम्ही पुष्कळ जिंकलो. जिंकलो की संघ माझ्यासमोर उभा राहून फोटो काढायचा, आणि त्यात मी निम्मी तरी दिसायचे.

मग मोठे मालक गेले. संघ त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे बाई म्हणू लागले.

बाईंबद्दल वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. लहानपणी त्या मास्तरांच्या टेबलावर पाय हलवत बसायच्या. खेळ त्यांना जीव की प्राण. मालकीण होताच त्यांनी गळके छप्पर दुरुस्त केले, न्हाणीघरात गरम पाणी आणले, खेळाडूंच्या घरच्यांसाठी चांगल्या जागा ठेवल्या. पण ते वर्ष खराब होते. आम्ही सारखे हरत होतो आणि हरताना पाहणे बाईंना सोसत नव्हते.

एक दिवस मास्तर मैदानावर असताना बाई खोलीत आल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मधल्या ओळीतली एक पाटी उचलली आणि वरच्या ओळीत लावली. ती एका नव्या, उंच खेळाडूची होती. त्याला सगळे शिडी म्हणत. माझ्या अंगावर काटा आला.

मास्तर परत आले. पाटी पाहून त्यांनी मान खाजवली. हे कोणाचे काम, ते त्यांना कळले होते. वर बाईंच्या खोलीत जाऊन विचारता आले असते. पण लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळलेली मुलगी, आता मालकीण झालेली. तिला कसे टोकायचे? ते गप्प बसले.

त्या दिवशी शिडी असा खेळला की विचारू नका. आम्ही जिंकलो, आणि तिथेच घात झाला. हरलो असतो तर बाईंनी पुन्हा पाटीला हात लावला नसता.

त्यानंतर पाट्या हलू लागल्या. खेळाडू काही दुधखुळे नव्हते. पूर्वी कोणाची तक्रार असली की तो मास्तरांच्या दारावर टकटक करायचा. आता पावले दारावरून पुढे जायची आणि जिना चढून बाईंच्या खोलीकडे वळायची. ती पावले मला ऐकू यायची आणि मास्तरांनाही. पूर्वी मास्तर पाटी खटकन अडकवायचे. आता ती हळूच टेकवायचे, ही कोणाला चालेल का, असे मनाशी म्हणत. त्यांची मला कीव यायची आणि रागही यायचा.

आमच्या संघात एक खेळाडू होता. त्याला मुका म्हणत. तो मुका नव्हता, फक्त कामापुरते बोलायचा. पण चेंडू असा पास करायचा की आपण मोकळे आहोत हे समोरच्याला कळायच्या आधी चेंडू त्याच्या हातात. आईवडील लहानपणीच गेलेले. मोठ्या बहिणीने शिवणकाम करून त्याला वाढवले. ती प्रत्येक सामन्याला यायची. बाईंनी चांगली जागा दिली तरी ती कडेच्या खुर्चीवरच बसायची.

त्या हंगामाच्या शेवटी मुक्याचा गुडघा सुजला. काकांनी बजावले, "सूज पुरती उतरेपर्यंत उडी मारायची नाही." मास्तरांनी त्याची पाटी खालच्या ओळीत लावली. शेवटचा सामना तोंडावर आला. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. शिवाय मुक्याचा करार त्याच हंगामात संपत होता. खालच्या ओळीत पडून राहिलेल्याला पुढच्या वर्षी कोण ठेवणार, हे भय त्याच्या मनात बसले. तोही जिना चढला.

थोड्या वेळाने बाई खाली आल्या. खोलीत कोणी नव्हते. त्यांनी मुक्याची पाटी उचलून वरच्या ओळीत लावली.

आधी पट्टीवाले काका आले. पाटी पाहून थबकले. "मास्तरांनी डॉक्टरांना दाखवलेलं दिसतंय," असे पुटपुटत ते पट्ट्यांचा डबा घेऊन गेले. मग मास्तर आले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पाटीकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला. "बाईंनी काकांना विचारलंच असेल," असे स्वतःशीच म्हणून ते निघून गेले.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. पण फळीला तोंड नसते. आज बोलते आहे ती केवळ तुम्ही ऐकता आहात म्हणून.

मैदान भिंतीपलीकडेच होते. मला दिसत नसले तरी सगळे ऐकू येत असे. बुटांची करकर, शिट्टी, लोकांचा गलका. आणि मग एकाएकी सगळे शांत झाले. त्या शांततेत एका स्त्रीचा आवाज आला, "बाळा!" मुक्याची बहीण होती ती. जाळीखाली उडी मारून खाली येताना त्याचा गुडघा गेला होता.

सामना आम्ही जिंकलो. बाहेर टाळ्या वाजल्या. आमच्या खोलीत कोणी आले नाही, दिवासुद्धा लावला नाही.

काही दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले की मुका चालेल, पण पुन्हा खेळणार नाही. त्या दिवशी मास्तर, बाई आणि काका माझ्यासमोर उभे होते.

"मला वाटलं, तुम्ही डॉक्टरांना दाखवून आणलंत," काका मास्तरांना म्हणाले.

"मला वाटलं, बाईंनी तुम्हाला विचारलं," मास्तर म्हणाले.

बाई म्हणाल्या, "तो म्हणाला, आता दुखत नाही. आणि मला वाटलं, माझं चुकलं असेल तर मास्तर पाटी परत खाली लावतील."

तेवढ्यात दारात मुक्याची बहीण आली. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. ती शांतपणे म्हणाली, "मला एवढंच सांगा. माझ्या भावाला खेळवायचं कोणी ठरवलं?"

बाई म्हणाल्या, "मी." मास्तर म्हणाले, "नाही. ठरवायचं काम माझं होतं."

बहिणीने दोघांकडे पाहिले. "तुम्ही दोघांनी बसून ठरवलं असतं ना, तरी मी नशीब म्हणून सोसलं असतं," ती म्हणाली. "पण तुमच्यातल्या कोणीच ठरवलं नाही हो."

ती गेली. मास्तर खिशातून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवू लागले. बाईंनी ती घेतली नाही. मग मास्तर जे बोलले, ते त्या खोलीत फार आधी बोलायला हवे होते.

"राहतो मी. पण एक ऐका. माझं पटलं नाही तर मला विचारा. माझ्याशी भांडा. तरी नाहीच पटलं तर मला काढून टाका, मालकीण आहात, तो तुमचा हक्क आहे. पण मी इथे आहे तोवर पाटी मीच लावणार. म्हणजे चुकली तर कोणाला धरायचं, ते सगळ्यांना कळेल."

बाईंनी मान हलवली. पुढच्या हंगामात त्या नेमाने येत आणि विचारत. भांडणेही झाली, चांगली कडाक्याची. मास्तर मात्र आता उलट्या टोकाला गेले होते. जुने, दमलेले खेळाडू त्यांना सोडवेनात. मुक्याच्या बरोबरचे होते ते. शिडी आणि इतर नवी मुले बाकावर बसून राहिली आणि आम्ही हरत राहिलो. बाई दर वेळी कारण विचारत, मास्तर दर वेळी तेच उत्तर देत. पाट्या मात्र जिथल्या तिथे राहत.

हंगाम संपल्यावर एका दुपारी बाई आल्या. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, मी तुम्हाला मोकळं करतेय."

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "कारण?"

"तुम्ही मायेपोटी संघ लावताय. मी वर्षभर सांगितलं, तुम्ही ऐकलं नाहीत."

"खरं आहे," मास्तर म्हणाले.

"राग आला?"

"आला तर! एवढी वर्षं काढली इथे." त्यांनी चष्मा पुसला. "पण तोंडावर सांगितलंत. बरं केलंत."

नव्या मास्तरांना कोरी फळी मिळावी म्हणून ते पाट्या उतरवू लागले. बाई उठल्या. त्यांनी पाटीला हात लावला नाही. "मी डबा धरू?" एवढेच विचारले. मास्तर म्हणाले, "धरा." बाई डबा धरून उभ्या राहिल्या आणि मास्तर एकेक पाटी त्यात ठेवत गेले. खालच्या ओळीच्या टोकाला एक पाटी उरली. मुक्याची. वर्षभर ती उतरवायचा धीर मास्तरांना झाला नव्हता आणि बाईंनी त्याबद्दल कधी विचारले नव्हते. ती त्यांनी डब्यात टाकली नाही. दोघे मिळून ती बहिणीला द्यायला गेले. तिने घेतली की नाही, मला ठाऊक नाही. मास्तर त्यानंतर त्या खोलीत आले नाहीत.

नव्या मास्तरांनी भिंतीवर नावे दाखवणारा विजेचा पडदा बसवला आणि मी इथे अडगळीत आले. त्याचे मला दुःख नाही. मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या संघाचा मालक होईल, कोणी मास्तर होईल, कोणी नुसताच वर्गाच्या संघाचा कप्तान. माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. जे काम तुम्ही दुसऱ्याला सोपवले आहे, त्यात त्याच्या मागे हात घालू नका. शंका आली तर तोंडावर विचारा. आणि काम तुमचे असेल, त्यात दुसऱ्याचा हात दिसला, तर भिडेपोटी गप्प बसू नका. त्या दिवशी आमच्या खोलीत तीन शहाणी, प्रेमळ माणसे येऊन गेली. त्यातल्या एकाने जरी दुसऱ्याला "पाटी कोणी हलवली?" असे विचारले असते, तर मुका अजून खेळत असता.