बिनपायाचा जोडीदार

मी एक जुना ग्राही, म्हणजे पेशीच्या दारातला निरोप्या, आहे. जुना म्हणजे आज पहाटेचा. हसू नका मित्रांनो! आम्हा प्रथिनांचं आयुष्यच काही तासांचं. आमच्यात दुपार झाली की माणूस पिकला म्हणायचं.

चिचगडजवळच्या मोनालीच्या मूत्रपिंडात, एका बारीक रक्तवाहिनीच्या अस्तरात मी जन्मलो. मोनाली पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. माझं डोकं बाहेर रक्तात आणि पाय आत पेशीत. रक्तातून निरोप आला की तो धरायचा आणि आत पोचवायचा. निरोप असतो रक्तवाहिनीसाठी: ‘तगून राहा, लागेल तिथं नवा फाटा काढ.’ पण हे एकट्याचं काम नव्हे. निरोप शेजारच्या दोन ग्राहींना जवळ ओढतो, आम्ही एकमेकांना बिलगतो, आतले पाय एकमेकांना लागतात, तेव्हा कुठं पेशीला कळतं. एका हातानं टाळी वाजत नाही, ही म्हण आमच्यासाठीच केली असावी.

आज निरोप आला. त्याच वेळी जोडीदार म्हणून रक्तातून एक जण वाहत आला, वरून अगदी माझ्यासारखाच. मी आनंदानं त्याला बिलगलो, आणि आत काहीच झालं नाही. बघतो तर त्याला पायच नव्हते! मोनालीच्या वारेला, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या गादीला, रक्त कमी पडत होतं आणि तिच्यातून असे बिनपायाचे लोंढ्यानं सुटत होते. बिचारे वाईट नव्हते. पण बरेचसे निरोप तेच अडवत, नाहीतर आमच्या गळ्यात पडत. रक्तवाहिन्या आखडत गेल्या, रक्ताचा दाब चढत गेला, आणि मी नुसता बघत राहिलो.

मला कान नाहीत, तरी बाहेरचं बोलणं कसं ऐकलं, ते विचारू नका. आत्मवृत्तात एवढं चालवून घ्या. मोनाली सासूबरोबर, मंगलीबरोबर, रानात मोहफुलं वेचत होती. मोह गळतो थोडेच दिवस आणि कोणासाठी थांबत नाही. दवाखान्यातली तपासणी त्यातच राहून गेली होती.

“आई, डोकं लय दुखून राहिलं. डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले.”

“मोहाचा वास चढला असन. आमालेबी चढते. घरी जाऊन लोळ जराशी.”

“अन् पाय काऊन सुजले?”

“पहिलटकरणीचे सुजतेच, पोरी.”

मंगलीचा सुनेवर जीव होता. तिनं स्वतः तिला घरी आणलं, बोटांत रुतलेली जोडवी साबण लावून काढली, पायांना तेल चोळलं. तिच्या मायेत काही उणं नव्हतं हो, पण वास नव्हताच तो!

दुपारी गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई अंजू, आली. तिनं मोनालीच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

“मावशी, हे मोहाचं काम नाही. दाब लय वाढला. गाडी बोलावतो मी, आत्ताच निघा.”

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मोनालीच्या नवऱ्याला, विक्कीला, बाजूला घेतलं. “वार आत आहे तोवर धोका टळणार नाही. बाळ आजच काढावं लागेल.”

“इतक्या लवकर? जगन का ते?”

“प्रयत्न करू. थांबलो तर दोघंही हातची जातील.”

“काढा मग,” विक्की म्हणाला आणि त्यानं संमतीच्या कागदावर सही केली.

मोनालीला शुद्ध आली तेव्हा मंगली उशाशी होती.

“रडलं का?”

“रडलं. बारीकसं.”

“मले दाखवा.”

“काचेच्या पेटीत ठेवलं त्याले. हात लावू देऊन नाही राहिले, पोरी. मी काचेतूनच पाहून आली.”

मोनाली उठायला गेली. नर्सनं तिला हळूच पुन्हा झोपवलं, कारण दाब अजून उतरला नव्हता.

वार गेली, आता लोंढा आटेल. माझ्यामागून जन्मणाऱ्यांना पायांचे जोडीदार मिळतील. माझ्या गळ्यात मात्र अजून तोच आहे आणि माझी वेळ झाली. ते बाळ तगलं की नाही, मला कळणार नाही. फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाई गरोदर असेल, तिचे पाय किंवा चेहरा सुजला, डोकं ठणकायला लागलं, तर कारणं शोधत बसू नका. त्याच दिवशी तिचा दाब मोजून घ्या. आम्ही आतल्या आत निरोप नेतो. बाहेर तुम्हाला हाक मारणं आमच्या हातात नाही.