अंगठा लांब

आमच्या स्टुडिओत एकच नियम होता, आणि तो यांनी केलेला: कॅमेऱ्याच्या पाठीला अंगठा लावायचा नाही. रिळांच्या काळात यांचा पहिला कॅमेरा मागून उघडायचा, आणि त्याची खटकी सैल होती. एका लग्नात अंगठ्याचा धक्का लागला, झाकण उघडलं आणि अख्खं लग्न उजेडात धुऊन निघालं. नवरीचा बाप दुकानात येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून कॅमेरा हातात आला की यांचा उजवा अंगठा बाजूला उभा राहतो, भाजेल म्हणून राहावा तसा. रिळं गेली, ते झाकणही गेलं, नियम तेवढा राहिला.

सूनबाई फोटो काढणारीच मिळाली. ती शाळांच्या स्पर्धा करते, पळणारी मुलं टिपते. हे बसलेली माणसं काढतात. मी काउंटर सांभाळते आणि पासपोर्टचे फोटो कापते. त्या आठवड्यात मुलगा आणि सूनबाई परगावी स्पर्धांना गेले. नवा कॅमेरा तिने नेला, जुना यांच्यासाठी ठेवला.

दुसऱ्याच दिवशी भानगड सुरू झाली. शिंपी फोटो काढायला आला. फोटो संगणकावर उघडला तर शिंपी धुरकट, आणि त्याच्या मागच्या पडद्याची शिवण मात्र लख्ख.

"पडदा चांगला आलाय," शिंपी म्हणाला. "शिवण कुणाची आहे?"

यांनी परत काढला. परत तेच. मग एक गृहस्थ आले, पडद्याला पार टेकून बसले. त्यांचा फोटो आरशासारखा आला. त्यांच्यामागून एक बाई आल्या, स्टूल पुढे ओढून बसल्या, त्या पुन्हा धुक्यात. यांनी भिंग पुसलं, दिवा बदलला, डोळा लावायच्या भोकाशेजारचं चाक फिरवलं. नंतर ते चाक मुळात कुठे होतं तेच आठवेना.

"कॅमेरा टिक करत नाही का हल्ली?" मी विचारलं. पूर्वी समोरचं बटण अर्धं दाबलं की तो बारीक टिक करायचा.

"करत असेल. मला कुठे ऐकू येतं," हे म्हणाले. "कान गेले, आता डोळे."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे, चष्म्याचा नंबरही तोच. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं त्याने."

मला काही उलगडेना. डोळे यांचे गेले असतील, तर कागदावर मलाही माणूस धुरकट का दिसावा? तसं विचारलं तर म्हणाले, "काढताना मला धुरकट दिसलं नाही म्हणून तर तसं निघालं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "दिसत होतं खरं. पण मला वाटलं, माझ्यामुळेच दिसतंय." मी सूनबाईला फोन लावायला निघाले तर मोबाईल हातातून काढून घेतला. "पोरांना कळलं की दुकानाला कुलूप लावायला लावतील."

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण वेगळं होतं. वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, यायच्या होत्या. त्यांच्या जबड्यात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. ऑपरेशननंतर चेहरा एका बाजूने बसेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याआधी त्यांना आहे त्या चेहऱ्याचा एक फोटो हवा होता, आणि तो भावानेच काढायला हवा होता.

वन्सं आल्या त्या केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "छोट्या, हनुवटी वर करू की खाली? आज तिचा मान आहे."

छोट्याचे केस कधीच पांढरे झालेत. त्यांनी कॅमेरा उचलला. चार-पाच फोटो काढले, मागच्या काचेवर पाहिले, आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

"आक्का, माझ्याच्याने होत नाही. बाजारातल्या स्टुडिओत जाऊ आपण."

"त्या माणसाला मी ओळखते का? त्याच्यापुढे मी हसेन का?" वन्सं माझ्याकडे वळल्या. "अगं, तू काढ. याला बसू दे."

मी इतकी वर्षं त्या दुकानात काढली, पण कॅमेरा नुसता पुसलेला. उचलला तो दोन्ही हातांनी, पाण्याने भरलेलं भांडं उचलावं तसा, सगळी बोटं दाबून. डोळा लावला. समोर नुसतं धुकं होतं. तेवढ्यात आत टिक झालं आणि वन्संच्या पापण्या एकेक मोजता याव्यात इतक्या स्वच्छ झाल्या. मी बटण दाबलं.

फोटो लख्ख आला.

मला आनंद झाला तो क्षणभरच. यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटलं, बिघडला असता तर बरं झालं असतं. "झालं ना सिद्ध," हे म्हणाले. "कॅमेरा ठीक आहे. माणूस बाद आहे."

"पण यात मी रागावल्यासारखी दिसते," वन्सं म्हणाल्या. "जवळून काढ अजून एक."

मी पुढे सरकले. एवढ्यात हे सवयीने ओरडले, "अंगठा लांब." मी अंगठा काढला, यांच्यासारखाच बाजूला धरला, आणि बटण दाबलं. टिक झालं नाही. वन्सं धुरकट.

तिघंही काचेत बघत राहिलो.

"आता हिचेही डोळे गेले?" वन्संनी विचारलं. "एवढ्यात? बोलता बोलता?"

मी मोबाईल उचलला, या वेळी कुणी काढून घेतला नाही. स्पीकर लावला. सूनबाईने सगळं ऐकून घेतलं.

"आई, मी बाबांना सांगितलं होतं. जेवताना. ते हं म्हणाले."

"ते सगळ्यालाच हं म्हणतात. तू मला सांग."

पळणाऱ्या मुलांसाठी तिने फोकस समोरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिला होता, अंगठ्याखालच्या. समोरचं आता फक्त फोटो काढतं. अंगठा दाबला की फोकस बसतो, सोडला की आहे तिथेच थांबतो. तिने जाताना शेवटचा फोकस पडद्यावर धरला होता, तो तिथेच थांबला. दोन कॅमेऱ्यांत बोटांचा घोळ नको म्हणून दोन्ही सारखे करून ठेवले होते. "परत पहिल्यासारखं करता येतं, बाबा, मेनूत जा," असं म्हणून तिने जे सांगितलं त्यातलं मला अवाक्षर कळलं नाही. यांनाही कळलं नसावं, कारण हे हं म्हणाले.

मग यांनी कॅमेरा घेतला, डोळा लावला. अंगठा मागे आला, बटणाच्या जवळ पोचला, आणि थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला.

"दाब रे," वन्सं म्हणाल्या. "ते लग्न कधीच मोडलं नाही. नातवंडं झाली असतील त्यांना."

मी मागे जाऊन उभी राहिले. यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दाबला.

टिक.

हे बराच वेळ बघत राहिले. वन्संना इतकं न्याहाळून यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. वन्संना ते कळलं असावं, त्यांच्या ओठांची एक बाजू हलली. यांनी फोटो काढला. मग मी हात काढून घेतला, आणि पुढचा फोटो यांनी एकट्यानेच काढला.

वन्संनी यांचे दोन्ही फोटो छापून घेतले, आणि शिवाय एक धुरकट मागितला.

"तो कशाला, आक्का?"

"हे दोन घरी लावीन. आणि तो धुरकट दवाखान्यातून आल्यावर आरशाशेजारी ठेवीन. म्हणजे मनाला सांगता येईल, चेहरा बिघडला नाही, छोट्याने अंगठा लावला नाही अजून."

सूनबाई परत आली तेव्हा म्हणाली, बाबा, पहिल्यासारखं करून देते. हे म्हणाले, राहू दे, आक्का पुढच्या महिन्यात परत यायची आहे फोटोला. पण तर्जनीचं काम अंगठ्याला द्यायची गरज काय होती, ते मला अजूनही कळलेलं नाही. पासपोर्टवाले आले की मी तेवढं टिक ऐकते आणि मग कात्री घेते.