डाग आतल्या बाजूला

चिमणीने स्टूल ओढून इस्त्रीच्या टेबलाशी लावलं, वर चढली आणि बाबाने नुकत्याच पसरलेल्या जाड, मातकट जाकिटाच्या काखेखाली बोट टेकवलं.

"हे रक्त आहे," ती म्हणाली.

"नाही गं. गंज आहे तो."

"गंज केशरी असतो. तूच म्हणालास."

बाबाने डागावरून अंगठा फिरवला. आपलंच शहाणपण आपल्यावर उलटलं की माणूस बोलणार काय? लेकीला डाग ओळखायला त्यानेच शिकवलं होतं. इतर मुलं चित्रांच्या पुस्तकातले प्राणी ओळखतात, तसे ही पोर दुकानात बसून डाग ओळखायची. कपडा हातात घेतला की घाई करायची नाही. आधी डागाला नीट विचारायचं, काय रे, तू कोण? तेलकट निघाला तर गरम पाणी. रक्ताचा निघाला तर थंड, अगदी थंड. गरम पाण्यात अंडं कसं घट्ट होतं? तसं रक्त कापडात शिजून बसतं. मग कितीही घासा, ते आता त्या कापडाचंच झालेलं असतं.

हे जाकीट ज्याने धुतलं, त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याने ते चांगलं उकळून काढलं होतं. काखेपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत एक तपकिरी नकाशा उमटला होता, कडेला गडद, मध्ये फिका.

गल्लीत बाबाला सगळे डागदर म्हणायचे. त्याच्या वडिलांनी दुकान हाती देताना एकच नियम घालून दिला होता, गिऱ्हाइकाच्या कपड्याला नाक मुरडायचं नाही. आजाऱ्यांच्या चादरी, दारुड्यांचे सदरे, खाटकाचे एप्रन, सगळं त्याच्या हातांखालून गेलं होतं. त्याच्या नाकाला कधी सुरकुती पडली नव्हती. आज त्याने जाकीट सवयीने नाकाशी नेलं आणि झटकन खाली टाकलं.

जाकिटाला वास येत होता, पावडरीसारखा गोडसर. तान्ह्या बाळांच्या दुपट्यांना शेवटच्या पाण्यात घालतात, त्या गुलाबी बाटलीचा. डाग निघेना म्हणून कुणीतरी वर सुगंध ओतला होता. काउंटरमागे पाळण्यात त्याचा मुलगा झोपला होता, त्याच्या अंगावरच्या दुपट्याला हाच वास होता.

त्याने तोंडावर मनगट दाबून धरलं.

"बाबा, तुला उलटी होतेय?"

"नाही. खाली उतर बघू. आजीकडे जा."

ऐन तारुण्यात त्याने राखीव दलात नाव घातलं होतं. वर्षाकाठी एकदा शिबिराला जायचं, धावायचं, नेम धरायचा, आणि पाहुणचार आटोपल्यासारखं परत येऊन दुकान उघडायचं. बायको थट्टा करायची की तुमचं सैन्य म्हणजे माहेरपण. आता त्याच तुकडीला समुद्रापार जायचं बोलावणं आलं होतं, आणि बोलावण्याबरोबर हे जाकीट. थट्टा थांबली होती.

बायको मागच्या खोलीतून कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. तिने जाकिटाकडे पाहिलं. तिलाही डाग वाचता येत होता. तिने गाठोडं मुद्दाम जाकिटावरच ठेवलं.

"अहो, तुमच्या तुकडीचे मेजरसाहेब आज कोट टाकायला येणार आहेत. बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"तोंड दिलंय ना देवाने? बाळ अजून धड बसत नाहीये. आईंना धुण्याच्या यंत्राच्या आवाजानेच धडधडतं. मी एकटीने काय काय करायचं? हेच सांगा."

"घरं सगळ्यांनाच आहेत."

"सगळ्यांचं मला नका सांगू. मला एकच घर आहे."

 त्याने इस्त्री तापत ठेवली.

मेजर आला तो दार पूर्ण उघडूनच. त्याला दार अर्धं उघडायची सवय नव्हती. मागे ड्रायव्हरच्या हातावर समारंभाचा कोट आडवा टाकलेला होता, झोपलेल्या मुलासारखा.

"काय डागदर! हा बघ. उद्या तुमचा निरोप समारंभ. फोटो निघणार, वर्तमानपत्रवाले येणार. तुमच्याचसाठी घालायचाय, तेव्हा चकाचक पाहिजे."

डागदराने बाही उजेडात धरली. कोपरापासून मनगटापर्यंत तूप थिजलं होतं आणि शिवणीत मांसाचा एक तंतू अडकून वाळला होता. कुठल्यातरी मेजवानीत साहेबांचा हात ताटात लोळला असावा. असल्या बाह्या त्याने ढिगाने धुतल्या होत्या. पण आज तो तंतू नखाने काढताना त्याचं बोट आखडलं. तंतू नखालाच चिकटला. त्याने तो टेबलाच्या कडेला पुसला, मग तीच कडा फडक्याने पुसली.

"निघेल ना?"

"निघेल. तूप आहे नुसतं."

"आणि हे काय, जाकीट मिळालं वाटतं. झकास!"

"साहेब, त्याच्यावर..."

"अरे, वापरलेलं असणारच. प्रत्येकाला नवं शिवत बसलं तर झालंच. धुऊन दिलंय की."

पाळण्याजवळ बायकोने इतक्या जोरात घसा खाकरला की बाळ दचकलं. ती बाळाला थोपटू लागली, पण नजर नवऱ्यावरच होती.

"साहेब, एक विचारायचं होतं..."

"थांब, आधी माझं ऐक." मेजर काउंटरवर रेलला. त्याने आवाज खाली आणला, म्हणजे सामान्य माणूस बोलतो तेवढा केला. "तिकडून परत आलेल्या सामानाचा मुख्यालयात डोंगर झालाय. जाकिटं, पांघरुणं, काय काय. धुणारा आहे तो ठार अडाणी. उकळतो आणि वर अत्तर मारतो. परवा पाहणीला वरचे लोक आले, नाकाला रुमाल लावून निघून गेले. मला तुझ्यासारखा हात इथे हवाय. रोज सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. दुकान बायको बघेल."

"म्हणजे मी जायचं नाही?"

"तू इथेच."

"आणि माझ्या जागी?"

"तुमच्याच तुकडीतला तो लिफ्टवाला. लिफ्ट दुरुस्त करतो तो, हसरा. अंगाने तुझ्याएवढाच आहे. पोरंबाळं नाहीत, लग्न आत्ता कुठे झालंय."

"त्याला विचारलंत?"

मेजर मनापासून हसला. "विचारून पाठवायला लागलो तर एक बोट भरायची नाही, डागदर. बोल, हो का नाही?"

अशा वेळी आपल्याला जड जाईल, असं डागदराला वाटत आलं होतं. मनात दोन पारडी हलतील, घाम फुटेल, निदान एक दिवस मागून घेऊ, असं काहीतरी. तसलं काही झालं नाही. ओल्या हातातून साबण सटकावा तसा शब्द सटकला.

"हो साहेब."

बायकोने बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"शाब्बास! मग ते जाकीट दे इकडे, गाडीत टाकू. त्याला होईल."

डागदराने जाकीट पसरलं. हात आपोआप चालू लागले. पट्टे आत घेतले, खांदे जुळवले, काख वळवली आणि घडी घातली. दुकानातला कुठलाही कपडा अशीच घडी होऊन बाहेर जायचा, डाग आतल्या बाजूला आणि स्वच्छ अंग वर. ड्रायव्हर ते काखोटीला मारून निघून गेला, तेव्हा कुठे डागदराला आपण काय केलं ते दिसलं.

त्या दिवशी घरात सण असल्यासारखं झालं. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "माझं लेकरू वाचलं. बास. आता माझे डोळे मिटले तरी चालतील."

"आई, कुणीतरी जाणारच आहे."

"जाईल की. त्याची आई त्याचं बघेल." ती घासाला घास लावून जेवत होती. आठवडाभर तिला अन्न गोड लागत नव्हतं. आता दातांच्या फटीतून भाताची शितं ओठांवर येत होती आणि ती जिभेने आत ओढत होती. जन्मदात्या आईच्या तोंडाकडे बघवत नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याने मान वळवली, तर समोर बायको. ती वाढताना गुणगुणत होती, आणि मध्येच आपण गुणगुणतोय हे लक्षात येऊन थांबत होती, आणि पुन्हा सुरू करत होती.

"जेवा की," ती म्हणाली. "आता काय झालं?"

"काही नाही. तोंडाला चव नाही."

"उद्या येईल," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटातलं आपल्या ताटात वाढून घेतलं.

चिमणी त्याच्या मांडीवर चढली. "बाबा, मग तू जाणार नाहीस ना?"

"नाही."

"मग कोण जाणार?"

"झोप आता," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ होता, म्हणून रस्ता सुनसान होता आणि दुकानात काम नव्हतं. यंत्र बंद होतं. मेजरचा कोट पहाटेच ड्रायव्हर घेऊन गेला होता, बाही अगदी कोरी करकरीत. डागदर काउंटरवर कोपरं टेकून नुसता बसला होता. दार उघडलं आणि लिफ्टवाला आत आला. नवा गणवेश, डोक्यावर टोपी तिरकी, आणि हातावर काळा लोकरी कोट.

"दादा, आहात का? बरं झालं भेटलात. समारंभाला उशीर होतोय, पण म्हटलं हा टाकून जावा. लग्नातला आहे. बायको म्हणाली, घरात ठेवला तर कसर लागेल."

डागदर उठला. 

"तुझं... तुला..."

"कळलं की. यादीतून तुमचं नाव गळलं, माझं चढलं." लिफ्टवाला हसला. हसताना त्याचे कान हलायचे. "बरंच झालं हो. तुमची दोन लहान लेकरं. मी काय, आजवर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊन येतो."

"तुला राग नाही आला?"

"साहेबाचा आला. तुमचा कशाला? तुम्ही थोडंच मला पाठवलंत?"

बायको आतून बाळाला घेऊन आली होती. तिने एका हाताने कोट घेतला, सवयीने अस्तर पाहिलं, कॉलर पाहिली, तारखेची चिठ्ठी टोचायला टाचणी उचलली. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं तेच तिच्या तोंडून गेलं.

"कधी हवाय?"

विचारलं मात्र, आणि टाचणी तिच्या हातात तशीच राहिली.  बाळाने लिफ्टवाल्याच्या चकाकणाऱ्या गुंडीकडे हात नेला, ती त्याने बाळाला धरू दिली.

"घाई नाही वहिनी," तो म्हणाला. "थंडी पडेपर्यंत मिळाला म्हणजे झालं."

बाळाच्या मुठीतून गुंडी सोडवून त्याने टोपी नीट केली आणि काउंटरवरून हात पुढे केला. "येतो दादा."

डागदराने आपले दोन्ही हात एप्रनला पुसले. पुन्हा पुसले. मग त्याने हात मागे घेतले आणि कोपर पुढे केलं.

"हात ओले आहेत रे."

"तुमचा धंदाच पाण्याचा!" लिफ्टवाल्याने ते कोपर दोन्ही हातांनी धरून दणदणून हलवलं आणि तो गेला. रस्त्यावर त्याच्या नव्या बुटांचा आवाज बराच लांबपर्यंत येत राहिला.

बायकोने बंद यंत्राकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. सकाळपासून पाण्याचा थेंब न लागलेले ते हात त्याने अजून अंगापासून दूर धरले होते, कशाला लागू नयेत असे.

 तिने कोट हँगरला अडकवला, दुकानातल्या सगळ्यात उंच खुंटीवर टांगला, आणि चिठ्ठी कोरीच ठेवली.