कोटमाळची लाल झेंडी

कोटमाळ ठेसन म्हणजे एक पत्र्याची खोली, एक कडुनिंब, एक मास्तर आणि झेंडीवाला अप्पाराव. गाडी तिथं आपणहून थांबत नसे. उतारू दिसला की अप्पाराव लाल झेंडी दाखवी, मग थांबे. त्यामुळं निजामाची रेल्वे आपल्या मनगटावर थांबते, असं त्याचं मत झालं होतं, आणि गावानं ते कधी खोडलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात मुलखात जाळपोळ वाढली आणि हुकूम आला, गुरुवारपासून कोटमाळ बंद. बुधवारी सकाळी, बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्याच्या लेकीच्या, रेणुकाच्या पोटावर सुईण गुरुबाईनं हात ठेवला. मूल आडवं होतं. आजच्या गाडीनं बीदरच्या दवाखान्यात न्या, म्हणाली.

"आज बुधवार हाय," अप्पाराव म्हणाला. "बुधवारी धाडलेली लेक माघारी येत न्हाई."

उद्या ठेसनच नसणार, हे बायकोनं, अंबुबाईनं, सांगून पाहिलं.

"ठेसन बंद व्हायलंय, मी न्हाई. उद्या थांबवतो की."

दुपारची गाडी मास्तरांना न्यायला थांबली. त्यांनी कंदील, घंटा आणि दोन्ही झेंड्या सरकारी माल म्हणून डब्यात चढवल्या. अप्पारावनं सलाम ठोकला.

गुरुवारी रेणुकाला खाटेवर घालून फलाटावर आणलं. रात्रभर कळा देऊन तिच्यात ओरडायचंही बळ उरलं नव्हतं. अंबुबाईचं लाल लुगडं काठीला बांधून अप्पाराव रुळांशेजारी उभा राहिला. गाडी आली. पण लाल फडकं दिसलं की पुढं दरोडा असतो, एवढं त्या दिवसांत ड्रायव्हर लोक शिकले होते. यानं वेग वाढवला. अप्पारावला त्यानं ओळखलं मात्र, कारण जाता जाता रोजच्यासारखा हात वर केला. सवयीनं अप्पारावचाही हात वर गेला.

"थांबली का, अप्पा?" खाटेवरून रेणुकानं विचारलं.

"थांबायलीय, बाई," तो म्हणाला. गाडीचा शेवटचा डबा तेव्हा वळणाआड जात होता.

मग बैलगाडी जुंपली. चिखलातून बैलांना पळवता पळवता अप्पारावचा चाबूक तुटला, तसा तो काठीनं हाणू लागला. बीदरचा चढ अजून लांब होता, तेव्हा मागचं कण्हणं बंद पडलं. गुरुबाईनं नाकाशी बोटं धरली आणि हात मागं घेतला.

अंबुबाईनं लेकीच्या तोंडावर पदर ओढला. बराच वेळ ती नवऱ्याच्या पाठीकडं बघत होती.

"आता बैलं कामून मारायलाव?" ती म्हणाली.

अप्पाराव हाणतच राहिला.