माझ्या अंगावरचा राखाडी रंग

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, शिडीने लोकांचे वजन निमूटपणे सोसावे अशी रीत आहे. पण आज मी जरा चिडूनच बोलणार आहे. एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हते. एक भला माणूस त्यापायी सगळा हिवाळा बदनाम झाला, आणि मी भिंतीला टेकून बघत राहिले.

संडरलँड या विलायतेतल्या बंदरगावच्या एका सुताराने मला घडवले आणि म्हाताऱ्या लिडलने मला घरी आणले. तो घरोघर जाऊन खिडक्या पुसायचा. दर शनिवारी तो मला मागच्या अंगणात आडवी करायचा, जवसाचे तेल पाजायचा आणि माझ्या दोन्ही खांबांवरून हळूहळू अंगठा फिरवायचा. "लाकूड अंगठ्याशी खोटं बोलत नाही," असे तो पुटपुटायचा. रंग मात्र त्याने मला कधी लावला नाही. उघड्या लाकडावर बारीकशी चीरही दिसते, रंगाखाली ती लपून बसते. एवढी साधी गोष्ट, पण म्हाताऱ्याने ती कोणाला सांगितली नाही. तो गेला आणि ती त्याच्याबरोबर गेली. मला तर वाटते, माणसे नको त्या गोष्टी जपून ठेवतात आणि हव्या त्या बरोबर घेऊन जातात.

पुढे मी अंगणात एकाच खिळ्याला लटकत राहिले. पावसात भिजले, थंडीत गोठले. एका पहाटे दव गोठले आणि माझ्या डाव्या खांबाला वीतभर चीर गेली. तेलाचा एक हात फिरवला असता तरी ती दिसली असती. पण तेल लावणार कोण?

त्याच सुमारास नदीकाठचा जहाजांचा कारखाना बंद पडला आणि तीन मित्र एकदमच घरी बसले. लेस पर्व्हिस हा लिडलचा जावई, लोखंड जोडणारा. डेनिस रिडली क्रेन चालवायचा. त्याच्या एका हातात चहाचा कप आणि तोंडात थट्टा कायम असायची. तिसरा माल्कम स्टॉब्ज, जहाजे रंगवणारा. सरकारी बेकारभत्त्यात भागेना, म्हणून तिघांनी गुपचूप म्हाताऱ्याचा धंदा उचलला. मला आणि बादल्यांना एका जुन्या बाबागाडीवर लादून ते गल्ल्यागल्ल्यांतून हिंडू लागले.

काही दिवसांनी समुद्रासमोरच्या वृद्धाश्रमाने त्यांना बोलावले. तीन मजले, ढीगभर खिडक्या, खारा वारा. म्हणजे काम कधी संपायचेच नाही.

"ह्या शिडीकडं बघून आश्रमाची बाई आपल्याला फाटकातूनच हाकलणार," रिडली म्हणाला. "चहा तर लांबच."

"तुला चहाचंच पडलंय," पर्व्हिस म्हणाला.

"द्या ती इकडं," स्टॉब्ज म्हणाला. "उद्या ओळखू आली तर नाव बदलीन."

आमच्या गल्लीतले प्रत्येक मागचे दार, प्रत्येक कोळशाची खोली, प्रत्येक कबुतरखाना एकाच राखाडी रंगाचा होता. जहाजांचा तो रंग चहाच्या थर्मासमधून कारखान्याबाहेर यायचा आणि त्याला कोणी चोरी म्हणत नसे. स्टॉब्जकडे त्याचा शेवटचा डबा उरला होता. तो त्याने माझ्यावर उधळला. एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा हात दिला. महिनोन्महिने त्याच्या हाताला काम नव्हते, त्यामुळे कुंचला अगदी हळुवार चालला. चिरेत रंग शिरला, वरून साय धरावी तसा पसरला, आणि चीर दिसेनाशी झाली. इतक्या मायेने माझे वाटोळे आजवर कोणी केले नव्हते.

वृद्धाश्रमाच्या हॅस्वेलबाई मला बघून खूश झाल्या. "तुमची शिडी पाहूनच कळतं, माणसं नीटनेटकी आहेत," त्या म्हणाल्या. स्टॉब्ज लाजला. काम मिळाले.

खिडक्या पुसणाऱ्यांचा एक नियम असतो. एक जण वर चढला की दुसऱ्याने खाली माझ्या पहिल्या पायरीवर पाय घट्ट रोवून उभे राहायचे. एके दिवशी पर्व्हिस वर होता, रिडली खाली. स्टॉब्ज इमारतीच्या दुसऱ्या बाजूला पाणी आणायला गेला होता. स्वयंपाकीणबाईने खिडकीतून चहाचा कप पुढे केला आणि रिडलीने तो घेतला. पण पाय हलवला नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण तो पाय माझ्याच अंगावर होता. पर्व्हिस काचेच्या कोपऱ्यासाठी डावीकडे झुकला, माझी चीर उघडली, खांब वाकला, मी पिळवटले आणि भिंतीवरून घसरले. पर्व्हिस फुलांच्या वाफ्यात पडला, तरी त्याच्या टाचेचे हाड मोडलेच. भार जाताच चीर पुन्हा मिटली. मी गवतावर पडले होते, चार ओरखडे सोडले तर नवीकोरी.

भत्ता घेत असताना काम करतो, हे सांगायची सोय नव्हती. म्हणून पर्व्हिसने इस्पितळात सांगितले, घरी बल्ब बदलताना पडलो. डॉक्टरांनी टाच बघितली आणि विचारले, "बल्ब कितव्या मजल्यावर होता?"

पण घरी कोणी हसले नाही. पर्व्हिसची बायको ऑड्री रिडलीसमोर उभी राहिली. "चहा पीत होतास ना तू?"

"ऑड्री, कप हातात होता. पाय जागेवरच होता."

"कप स्वयंपाकिणीनं पाहिला. पाय कोणी पाहिला?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. वृद्धाश्रमाने दुसरी माणसे बोलावली. पर्व्हिसने रिडलीशी बोलणे टाकले, स्टॉब्जनेही टाकले. कामगारांच्या क्लबात रिडली आला की कोणीतरी हमखास विचारायचे, "काय रे, चहा घेतोस की कोणाला धरायचंय?" रिडली आधी भांडला, मग हसण्यावारी नेऊ लागला, मग क्लबात जायचाच बंद झाला. हे सगळे मी गल्लीतल्या बोलण्यावरून ऐकायची आणि जळफळायची. अरे, माझा डावा खांब बघा! पण लाकडाचे कोण ऐकतो?

वसंतात मला विकून टाकायचे ठरले. पण माझ्यावरचे ओरखडे स्टॉब्जच्या डोळ्यांत सलत होते. जुना रंग खरवडल्याशिवाय नवा देईल तर तो स्टॉब्ज कसला! रंग खरवडायची लोखंडी पत्री घेऊन तो बसला. खरवडत डाव्या खांबाशी आला. रंग निघाला, लाकूड उघडे पडले, पण एक राखाडी रेघ काही जाईना. त्याने कोपऱ्याने उकरले. रेघ आत आत गेली.

पत्री थांबली. पडल्यावर तडा गेला असता, तर त्याच्यात रंग कसा असता? तो उलट्या बादलीवर बसून राहिला. बायकोने जेवायला हाक मारली तरी उठला नाही. करवत शेजारीच होती. मला चुलीत घातले असते तर कोणाला कळले नसते, आणि खरे सांगते, मला त्याचीच भीती वाटत होती.

तो उठला, मला खांद्यावर घेतले आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत पर्व्हिसच्या दारी नेले. पर्व्हिसने चिरेवरून नख ओढले.

"हा तुझा रंग."

"माझाच."

पर्व्हिसने दाराची चौकट धरली. मग आत वळून म्हणाला, "ऑड्री, माझी काठी दे."

रिडलीने दार उघडले आणि मला बघितले. "काय, आता माझ्या खिडक्या पुसायला आलात?"

स्टॉब्जने मला दाराशी टेकवले. पर्व्हिसच म्हणाला, "डेनिस, तुझा पाय तिथंच होता."

रिडलीने चीर पाहिली नाही, की हातही लावला नाही. "तेच सांगत होतो मी," तो म्हणाला. "सगळा हिवाळा." आणि त्याने दार लावून घेतले.

पण सोमवारी तो आपणहून आला. त्यांनी मला चिरेच्या वर कापले, चिरेचा खालचा भाग टाकून दिला आणि उरलेल्या मला तेल लावले. आता मी निम्मी उरले आहे, खालच्या खिडक्यांपुरती. स्टॉब्ज चढतो, पर्व्हिस लंगडत बादली धरतो आणि रिडली माझ्या पहिल्या पायरीवर पाय रोवून उभा राहतो. थट्टाही पूर्वीसारखीच करतो. पण घरमालकिणींनी कितीही आग्रह केला, तरी कामावर त्याने पुन्हा कधी चहाचा कप हातात घेतला नाही.

म्हणून मित्रांनो, घरात जुनी शिडी असेल तर तिला रंगाने सजवू नका, तेल लावा आणि तिच्यावरून अंगठा फिरवा. आणि कोणी कळवळून म्हणाला, "माझा पाय तिथंच होता," तर त्याच्या हातातल्या कपाकडे बघण्याआधी एकदा शिडीकडे बघा.