उबपेटी आणि खंड्याचा फोटो

मित्रांनो, पक्ष्यांच्या दवाखान्याच्या बोळात, रद्दीच्या गठ्ठ्यांखाली काचेच्या दाराची जी पेटी दिसते, ती मी. मी एक जुनी उबपेटी आहे. घरट्यातून पडलेल्या पिल्लांना आणि जखमी पक्ष्यांना ऊब देणे हे माझे काम होते. आता मी स्वतःच गार पडले आहे.

ज्या कारागिराने मला जोडले, त्याने आत हात घालून ऊब पाहिली आणि "झकास" म्हटले. इतके निर्मळ कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

हा दवाखाना देणग्यांवर चालतो. एक डॉक्टरीणबाई आणि पक्ष्यांना भरवणाऱ्या मावशी, एवढीच इथली माणसे. मला विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. एका कारखानदारांनी मला वडिलांच्या स्मरणार्थ दिले. आल्या आल्या माझ्यात कावळ्याची पिल्ले ठेवली गेली. ती सारखी कोकलायची. मावशी चिमट्याने भरवत म्हणायच्या, "गिळा मेल्यांनो, गिळा." मला ती पिल्ले फार आवडत.

मग कारखानदार चार पाहुण्यांना आणि फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांनी वाकून काचेतून पाहिले.

"कावळे? फोटोत बरं दिसेल का ते? काहीतरी रंगीत नाही का तुमच्याकडे?"

टेबलाखालच्या खोक्यात एक खंड्या होता. सकाळीच खिडकीच्या काचेवर आपटला होता.

"त्याला हात लावणं बरं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंधार आणि शांतता, एवढंच औषध आहे त्याचं."

"दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम. वर्षभराचा खर्च उचलायचा म्हणतोय मी."

बाईंनी दाण्यांच्या रिकाम्या डब्यांकडे पाहिले. मग खोक्याचे झाकण उघडले.

खंड्याची निळाई पाहून सगळे हरखले. तो या हातातून त्या हातात गेला. दिवे लखलखले. तो इतका गप्प बसला की कोणीतरी म्हणाले, "किती गुणी आहे." भीतीने गोठलेला पक्षी असाच गप्प असतो, मित्रांनो. शेवटी कावळ्याची पिल्ले बाजूला काढून त्याला माझ्यात ठेवले. माझ्याजवळ होती नव्हती ती सगळी ऊब मी त्याला दिली. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडायच्या आत त्याने मान टाकली.

"झाकण मीच उघडलं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींनी खंड्याला फडक्यात गुंडाळले. "हात धुवा, बाई. पिल्लांची खायची वेळ झाली."

तो फोटो 'जीवदान' म्हणून छापून आला. देणग्या आल्या. त्यातूनच औषधे आली, दाणे आले, कावळ्याची पिल्ले मोठी होऊन उडाली. हे मी नाकारत नाही, आणि म्हणूनच जास्त जळते. उडणाऱ्या कावळ्यांचा फोटो काढायला मात्र कोणी फिरकले नाही.

एक दिवस एक बाई खंड्याला पाहायला आल्या. मावशींनी सरळ सांगितले, "तो त्याच दिवशी गेला."

ही गोष्ट कारखानदारांच्या कानावर गेली. ते तावातावाने आले. "उडून गेला म्हणायला काय जात होतं?"

"एकदा तुमचं ऐकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता नाही ऐकणार."

मदत बंद झाली. पुढे माझी तापायची तार तुटली, ती तशीच राहिली. आता मावशी गरम पाण्याच्या बाटल्यांना जुने टॉवेल गुंडाळून पिल्लांजवळ ठेवतात. बाटल्या निवतात. काही पिल्ले सकाळ पाहतात, काही पाहत नाहीत. कारखान्याच्या भिंतीवर मात्र तो फोटो अजून आहे म्हणे, आणि त्यात मी नवी कोरी दिसते.

मित्रांनो, पक्ष्यांसाठी जरूर द्या. दाणे द्या, टॉवेल द्या, एखादी तुटलेली तार जोडून द्या. कावळ्यासाठीही द्या. फक्त दिल्यावर पक्षी हातात मागू नका. तो तुमचे आभार मानणार नाही. बरा झाला की उडून जाईल, मागे वळूनसुद्धा पाहणार नाही. एवढे चालत असेल, तरच द्या.